युरेनियमचें माप आणि त्यावरील पहारा

आपल्या सिन्नर तालुक्यांतील कोणत्याहि शेतकऱ्यास विचारा. तो सांगेल कीं, ओला चारा दाबून गंजीला लावूं नये. एखादी पेंढी अंगणांत पडली तर ती निमूटपणें सुकते. त्याच पेंढ्या ओल्या असतांना शेंकड्यांनीं रचल्या तर गंजीच्या पोटांत ऊब धरते, वाफ निघूं लागते, आणि कधीं कधीं काडी न लावतां ती गंजी आंतून जळून जाते. पेंढी तीच आणि गवतहि तेंच. फरक पडला तो किती रचलें, कसें रचलें आणि ओल किती होती, या तीन गोष्टींनीं.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गांत अणुकेंद्राचा पाठ चालला असतां एका मुलानें मला विचारलें होतें, "गुरुजी, युरेनियमला कोणी काडी लावीत नाहीं, मग तें पेटतें कसें?" तेवढ्यांत तासाची घंटा झाली व उत्तर अपुरें राहिलें. तें येथें पुरें करण्याचा विचार आहे. गंजीची उपमा मात्र दारापर्यंतच न्यावी, घरांत नेऊं नये. कारण गंजींतील उष्णता सूक्ष्म जंतूंच्या कार्यानें सुरू होते, आणि युरेनियमांतील प्रकार अगदीं निराळा आहे.

युरेनियमच्या अणूंत मुख्यतः दोन जाती आहेत. एकीचा भारांक २३८ व दुसरीचा २३५. खाणींतून निघालेल्या युरेनियमच्या दर हजार अणूंत २३५ जातीचे अणु अवघे सात असतात. पण खरी करामत त्या सातांचीच. अशा अणूच्या केंद्रावर एक न्यूट्रॉन येऊन आदळला कीं तें केंद्र भंग पावतें, पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते आणि त्याबरोबर सरासरीनें दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. आतां येथें वाण्याच्या वहीप्रमाणें जमाखर्च मांडावा. दोन-तीन न्यूट्रॉन जमा झाले. त्यांतील कांहीं पृष्ठभागांतून बाहेर निसटले, कांहीं २३८ जातीच्या अणूंनीं किंवा भोंवतालच्या इतर द्रव्यांनीं गिळले, हा खर्च. शिल्लक राहिलेल्यांपैकीं सरासरीनें बरोबर एक जर पुढच्या केंद्राचा भंग करूं शकला, तर ही शृंखला आपल्या आपण चालूं राहते. या स्थितीस क्रांतिक स्थिति म्हणतात. शिल्लक एकाहून कमी असेल तर शृंखला विझते. अधिक असेल तर ती क्षणार्धांत भराभर वाढते. काडीची गरज नाहीं, कारण भटका न्यूट्रॉन सृष्टींत सर्वत्र कोठून ना कोठून येतच असतो.

जमाखर्चाची ही वही कशानें बदलते तें पाहूं. पहिली गोष्ट म्हणजे वजन. ढीग मोठा झाला कीं आंतल्या न्यूट्रॉनला बाहेरची वाट लांब पडते. दुसरी आकार. आठ लिटर द्रव वीस सेंटिमीटर बाजूच्या घनाकृति भांड्यांत ठेवला तर त्याचें पृष्ठफळ २,४०० चौरस सेंटिमीटर होतें. तोच द्रव चाळीस सेंटिमीटर लांबरुंद व पांच सेंटिमीटर जाडीच्या परातीसारख्या भांड्यांत भरला तर पृष्ठफळ ४,००० होतें. द्रव तेवढाच, पण निसटण्याच्या वाटा कितीतरी अधिक. तेवढ्याच द्रवाचा गोल केला तर पृष्ठफळ किती होईल, हें वरच्या वर्गांतील मुलांनीं काढून पाहावें. म्हणजे गोल आकार या कामांत सर्वांत घातक कां, हें त्यांचें त्यांनाच समजेल.

तिसरी गोष्ट पाणी, आणि हीच सर्वांत फसवी. आपण मानतों कीं पाणी विझवतें. येथें तें उलट वागतें. भंगांतून सुटलेला न्यूट्रॉन अतिशय वेगवान असतो, आणि मंद झालेला न्यूट्रॉन २३५ जातीच्या केंद्रांत फार सहज शिरतो. पाण्यांतील हायड्रोजनचें केंद्र वजनानें जवळ जवळ न्यूट्रॉनएवढेंच असतें. तुम्ही गोट्या खेळतां. एक गोटी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर समोरून आपटली कीं पहिली जागच्या जागीं थांबते, पण मोठ्या धोंड्यावर आपटली तर तशीच उसळून जाते. हायड्रोजनच्या योगानें न्यूट्रॉनचा वेग असाच चटकन् उतरतो. या कामामुळें पाण्यास मंदायक म्हणतात. परिणाम किती होतो तें आंकड्यांवरून पाहा. बहुतेक २३५ जातीचेंच बनलेलें, म्हणजे अतिसमृद्ध युरेनियम, धातूच्या उघड्या गोलाच्या रूपानें घेतलें तर क्रांतिक होण्यास सुमारें पन्नास किलो लागतें. तेंच पाण्यांत विरघळवून, भोंवतींहि पाणी ठेवलें तर एक किलोसुद्धां लागत नाहीं. आठशें ग्रॅमच्या आसपास पुरतें.

हा भेद न कळल्यामुळें पहिल्याच समृद्धीकरणाच्या कारखान्यांत केवढा अनर्थ ओढवणार होता, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें ओक रिज येथें २३५ जातीचें युरेनियम वेगळें काढण्याचे अवाढव्य कारखाने उभारले. गुप्ततेसाठीं तेथील कामगारांस आपण काय बनवितों हें सांगितलेलें नव्हतें. वरच्या लष्करी अधिकाऱ्यांस बाँबसाठीं किती माल लागतो तें ठाऊक होतें, आणि त्याहून कमी असला म्हणजे भय नाहीं असा त्यांचा समज होता. पाण्यांत विरघळलेला माल त्याच्या कितीतरी कमी प्रमाणांत धोक्याचा होतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत नव्हती. लॉस अलामोसहून एमिलियो सेग्रे हे भौतिकशास्त्रज्ञ तेथें गेले, तेव्हां युरेनियमच्या हिरवट द्रावाचीं मोठालीं भांडीं माणसें इकडून तिकडे नेत असलेलीं त्यांनीं पाहिलीं व ते हादरले. मग पंचविशी नुकतीच ओलांडलेले रिचर्ड फाइनमन यांस तपासणीसाठीं पाठविण्यांत आलें. त्यांनीं खोली न् खोली फिरून कोठें किती माल सांठवला आहे, भिंतीच्या पलीकडे कोणता सांठा आहे, हें सर्व पाहिलें. आणि अधिकाऱ्यांस स्पष्ट सांगितलें कीं, कामगारांना निदान या धोक्याचें कारण समजावून सांगितल्यावांचून कारखाना सुरक्षित चालणार नाहीं. गुप्ततेचा नियम तेवढ्यापुरता सैल करण्यांत आला आणि कारखाना सुधारला. माझ्या मतें या क्षेत्रांतील खरी पहिली तपासणी हीच होय. बाहेरचा माणूस आला, त्यानें मालाच्या खोलींत पाऊल ठेवलें, आणि ज्याच्या हातीं काम होतें त्याला ज्ञान दिलें.

आतां समृद्धीकरणाच्या कारखान्यांत काय चालतें तें थोडक्यांत सांगतों. युरेनियमचें फ्लोरीनशीं संयुग केलें जातें. हें हेक्साफ्लोराइड नेहमींच्या हवेंत घन असतें व सुमारें ५७ अंश सेंटिग्रेडच्या वर त्याचा वायु होतो. हा वायु अत्यंत वेगानें फिरणाऱ्या नळकांड्यांतून जातो. घुसळणींत जसें हलकें लोणी व जड ताक वेगळें होतें, त्यासारखें जड २३८ कडेला व हलकें २३५ मध्याकडे किंचित् सरकतें. एका यंत्रांत होणारा भेद फार थोडा. म्हणून पुष्कळ यंत्रें एकापुढें एक जोडावीं लागतात. जोंवर वायु विरळ व कोरडा आहे तोंवर क्रांतिकतेचें भय जवळ जवळ नसतें. भय उत्पन्न होतें तें ओल शिरल्यानें. हवेंतील दमटपणा नळींत शिरला कीं हेक्साफ्लोराइडशीं त्याची क्रिया होऊन युरेनियमचें एक घन संयुग आंत थरावर थर बसूं लागतें, आणि त्यांत पाण्याचा अंश असतो. म्हणजे माल सांचला आणि मंदायकहि मिळाला. याशिवाय माल गोळा करण्याचीं नळकांडीं, धुण्याचें पाणी, गाळणींतील गाळ, या ठिकाणीं लक्ष ठेवावें लागतें.

यावरचे उपाय वरील वहींतूनच निघतात. एका वेळीं हाताळावयाच्या मालाचें वजन ठरवून देणें, भांडीं अरुंद किंवा चपटीं करणें, दोन भांड्यांमध्यें ठराविक अंतर राहील असे पिंजरे बसविणें, पाणी दूर ठेवणें, आणि बोरॉन किंवा कॅडमियम यांसारखीं न्यूट्रॉन गिळणारीं द्रव्यें योजणें. यांतील आकाराचा उपाय मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. अतिसमृद्ध युरेनियमच्या द्रावासाठीं नळीचा व्यास तेरा-चौदा सेंटिमीटरहून अधिक नसला, तर ती एकटी नळी कितीहि उंच असो व कितीहि भरा, क्रांतिक होत नाहीं. वजनाचा नियम माणसाच्या स्मरणावर अवलंबून असतो. नळीची रुंदी कोणाच्या स्मरणावर अवलंबून नसते. दमलेल्या माणसानें एकदां टाकलेला माल विसरून पुन्हा टाकला, ही चूक या धंद्यांत इतकी नेहमींची मानतात कीं, दुप्पट माल पडला तरी चालेल असाच हिशेब आधीं करावा लागतो. कांहीं खोल्यांत तर आग विझविण्यासहि पाणी वापरण्याची मनाई असते. या सर्वांवर एक मुख्य नियम आहे. एकच चूक कधींहि घातक होतां कामा नये. एकमेकींशीं संबंध नसलेल्या, एरवीं क्वचित् घडणाऱ्या निदान दोन चुका एकाच वेळीं घडल्याशिवाय अपघात शक्यच नसावा, अशी रचना असली पाहिजे.

हा विषय दूर देशींचा आहे असें पालकांनीं समजूं नये. सिन्नरहून मुंबईस जाणारा रस्ता ज्या शहरांत संपतो, त्याच शहराच्या कांठीं तुर्भे येथें, ज्यास इंग्रजी धाटणीनें ट्रॉम्बे म्हणतात, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं 'अप्सरा' ही अणुभट्टी प्रथम क्रांतिक झाली. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखालीं आपल्याच इंजिनियरांनीं ती बांधली. समृद्ध युरेनियमचें इंधन मात्र ब्रिटनहून आलें होतें. गंमत पाहा कीं, भट्टींत जी स्थिति आली म्हणून पेढे वांटावे, तीच स्थिति कारखान्यांतील टांकींत आली तर माणसें मरतात. भट्टीभोंवतीं नियंत्रणाच्या कांड्या, पाणी व जाड भिंती असतात. टांकीजवळ फक्त बादली घेतलेला माणूस असतो. पुढें १९६४ सालीं तुर्भे येथेंच प्लुटोनियम वेगळें काढण्याचा कारखाना चालू झाला, व तेथेंहि भांड्याच्या आकाराचा हाच विचार अटळ होता. सह्याद्रीच्या पलीकडे, आतांच्या पालघर जिल्ह्यांत, तारापूरचें वीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांस किंचित् समृद्ध, दोन-तीन टक्क्यांचें, युरेनियम लागतें. परदेशांतून आलेल्या अशा मालापासून इंधनाच्या गोळ्या बनविण्याचें काम हैदराबादच्या कारखान्यांत होत आलें. प्रत्यक्ष समृद्धीकरणाचा आपला कारखाना म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळी येथें आहे. तो भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारींतील.

वरील हैदराबादच्या कामासारखेंच काम जपानांतील तोकाइमुरा येथील एका छोट्या कारखान्यांत चाले. तेथें ३० सप्टेंबर १९९९ रोजीं जें घडलें तें मुलांनीं नीट समजून घ्यावें. एका प्रायोगिक भट्टीसाठीं १८.८ टक्के समृद्ध युरेनियमचा द्राव तयार करावयाचा होता. सरकारनें मंजूर केलेल्या पद्धतींत द्राव उंच व अरुंद स्तंभांतून न्यावयाचा होता, आणि एका वेळची मर्यादा २.४ किलो युरेनियम अशी होती. पण त्या पद्धतीस वेळ लागे. म्हणून कारखान्यानें हळूहळू आपली निराळीच रीत पाडली. पोलादी बादलींत युरेनियम विरघळवावयाचें, ही सवय आधीं झाली; मग ती कारखान्याच्या स्वतःच्या पुस्तिकेंतहि लिहिली गेली; सरकारास मात्र कळविलें नाहीं. त्या दिवशीं कामगारांनीं आणखी एक पायरी गाळली. अरुंद स्तंभ सोडून, बादलींतील द्राव नरसाळ्यानें थेट पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या टांकींत ओतला. टांकी रुंद असल्यानें ढवळणें सोपें जात होतें. तिच्याभोंवतीं थंड पाण्याचें आवरण होतें. म्हणजे निसटूं पाहणारे न्यूट्रॉन परत आंत पाठविण्याचीहि सोय झाली होती. सकाळीं साडेदहाच्या सुमारास सातवा भाग ओतला जात असतां एकूण माल १६.६ किलोपर्यंत गेला आणि निळा प्रकाश चमकला.

ही शृंखला सुमारें वीस तास कमीअधिक चालूं राहिली. कारखान्यांतील माणसें आळीपाळीनें, कांहीं मिनिटांहून अधिक न थांबतां, जवळ जाऊन आवरणांतील पाणी काढून टाकीत राहिलीं, तेव्हां दुसऱ्या दिवशीं पहाटे ती थांबली. नंतर टांकींत बोरिक आम्ल घालण्यांत आलें. साडेतीनशें मीटरच्या आंतील रहिवाशांस घरें सोडावीं लागलीं, व दहा किलोमीटरच्या आंतील सुमारें तीन लक्ष दहा हजार लोकांस घरांतच राहण्यास सांगण्यांत आलें. टांकीजवळच्या तीन कामगारांपैकीं एक डिसेंबर १९९९ मध्यें व दुसरा एप्रिल २००० मध्यें मरण पावला, तिसरा वांचला. त्यांना क्रांतिकता म्हणजे काय हें नीट शिकविलेलेंच नव्हतें. पंचावन्न वर्षांपूर्वीं ओक रिजला जी उणीव होती तीच येथें, आणि तीहि युद्ध नसतांना व गुप्ततेचें कारण नसतांना!

मग पहारेकरी कोठें होते? सरकारी खात्यानें परवाना देतांना कागदावरची पद्धत तपासली होती, आणि ती पद्धत खरोखर निर्दोष होती. ती निर्दोष म्हणून अपघात संभवत नाहीं असा निष्कर्ष काढला. संभवत नाहीं म्हणून क्रांतिकतेची सूचना देणारी घंटा बसविली नाहीं, आणि आसपासच्या वस्तीसाठीं योजनाहि केली नाहीं. पुढें कित्येक वर्षें चाललेली बादली एकाहि तपासनीसाच्या दृष्टीस पडली नाहीं. मला स्वतःला कामगारांच्या चुकीपेक्षां ही चूक मोठी वाटते. प्रयोगाची वही सुवाच्य लिहिणारा मुलगा प्रयोगहि तसाच करतो, असें मानून बाकावरून फेरी न मारणाऱ्या शिक्षकासारखें हें झालें. आणि हा मोह आम्हां शिक्षकांस चांगला परिचित आहे. जपाननें त्या कारखान्याचा परवाना २००० सालीं रद्द केला, सहा जणांस २००३ सालीं न्यायालयानें दोषी ठरविलें, आणि डिसेंबर १९९९ मध्येंच आणीबाणीच्या तयारीचा नवा कायदा केला.

आपल्या देशांत या कामासाठीं नोव्हेंबर १९८३ मध्यें अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. त्याची कचेरी मुंबईस अणुशक्तिनगरांत आहे. जागेची निवड, बांधकाम, चांचणी व प्रत्यक्ष चालविणें, अशा प्रत्येक टप्प्यास त्याची निराळी संमति घ्यावी लागते, आणि संमति दिल्यावर तपासनीस जाऊन पाहतात. त्याचे पहिले अध्यक्ष प्रा. ए. के. डे आणि पुढें २००० पासून अध्यक्ष असलेले प्रा. सुहास सुखात्मे हे दोघेहि मुंबईच्या आय.आय.टी.चे माजी संचालक, म्हणजे मुळांत शिक्षकच. हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं माफ करावा.

परंतु दोन प्रश्न फार दिवस लोंबकळत राहिले. पहिला असा कीं, हें मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगास जबाबदार, त्या आयोगाचा अध्यक्षच अणुऊर्जा खात्याचा सचिव. म्हणजे ज्याचें शेत त्याच्याच हाताखालीं राखणदार. दुसरा प्रश्न २००० सालीं उभा राहिला. त्या वर्षीं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संस्था मंडळाच्या देखरेखींतून काढण्यांत आल्या व त्यांच्यासाठीं केंद्राचीच सुरक्षा परिषद नेमण्यांत आली. त्यामुळें हैदराबादचा इंधनाचा कारखाना मंडळाकडे राहिला, पण रत्तेहळ्ळीचा समृद्धीकरणाचा कारखाना घरच्या परिषदेकडे गेला. या निर्णयाच्या बाजूनें सांगण्यासारखें आहे. देशरक्षणाचें काम चारचौघांपुढें मांडतां येत नाहीं, आणि या विद्येचे जाणते त्या केंद्राइतके अन्यत्र क्वचितच असतील. उलट, मंडळाचे माजी अध्यक्ष अ. गोपालकृष्णन् यांनीं या व्यवस्थेवर उघड टीका केली. सेग्रे व फाइनमन यांची हकीकत आठवली म्हणजे माझें मन टीकेकडे झुकतें; कारण ओक रिजचे अधिकारी अडाणी नव्हते, ते आंतले होते एवढेंच. धनी दूर असतांना कारभारी कसा वागतो, हा प्रश्न पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस नवा नाहीं.

पहिल्या प्रश्नावर भारताच्या महालेखापालांनीं २०१२ सालच्या अहवालांत बोट ठेवलें. मंडळास कायद्यानें स्वतंत्र स्थान नाहीं, आणि १९८३ च्या आदेशांत सांगितलेलें राष्ट्रीय किरणोत्सर्ग-सुरक्षेचें धोरणहि अद्याप तयार झालेलें नाहीं, असें त्यांनीं नमूद केलें. स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचें एक विधेयक २०११ सालीं लोकसभेपुढें आलें होतें. तें संमत न होतां २०१४ सालीं लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलें. अखेर डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें नवा अणुऊर्जा कायदा संमत केला व त्यांत मंडळास कायद्याचा आधार दिला. खाजगी कंपन्यांसहि वीजकेंद्रें उभारण्याची वाट त्याच कायद्यानें मोकळी केली आहे. त्यामुळें तपासनीसांचें काम पूर्वींपेक्षां वाढणारच. त्या कायद्यांतील मंडळाविषयींचीं कलमें काढून ठेवावीं आणि वरच्या वर्गांतील मुलांबरोबर तीं वाचावीं, असा माझा विचार आहे. गोलाचें गणित ज्यांनीं सोडविलें असेल त्यांनीं त्या दिवशीं वही घेऊन यावें.